गेन्या, शिडी धर

मंगळवारी सकाळी नजीर पेंटरला पहिली उचकी लागली, तेव्हा तो एका डेअरीच्या पाटीवर ‘दूध’ लिहीत होता. उचकीसरशी ऊकार जो सुटला तो थेट खाली रंगवलेल्या म्हशीच्या पाठीत जाऊन घुसला. नजीरनं टर्पेंटाइनच्या बोळ्यानं ऊकार पुसला, म्हशीची पाठ पुन्हा काळी केली आणि ब्रश टेकवला, तोच दुसरी उचकी आली. दुपारपर्यंत त्या म्हशीला तिसरं शिंग फुटलं होतं. मग मात्र नजीरनं ब्रश धुऊन ठेवला.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीतली. तेव्हा भोरमध्ये अक्षरं हातानं काढत. किराणा, शिलाई, दाताचा दवाखाना, ‘उधार मागू नये’, ‘येथे गाडी लावू नये’, सगळं नजीरच्या हातचं. बाजारपेठेतून चालत निघालं की एकाच माणसाचं पत्र वाचत चालल्यासारखं वाटायचं. आता तिथं छापील फलक आले. त्यांवर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात, हात जोडलेली दहा माणसं असतात, आणि अक्षर कसं होतं ते घरी पोचेपर्यंत आठवत नाही. नजीरचा ‘र’ मात्र ज्यांनी पाहिलाय त्यांना अजून आठवतो. त्याची शेपटी अशी काही ऐटीत निघायची की दुकानदार नावात ‘र’ नसला तर हळहळत.

आणि एवढ्या सगळ्या गावाला पाट्या करून देणाऱ्या नजीरच्या स्वतःच्या दुकानाला पाटी नव्हती. पूर्वी होती. तिच्यावर ‘नजीर-गेनू पेंटर’ असं लिहिलेलं होतं. बारा वर्षांपूर्वी गेनूनं भांडण काढलं. निमित्त काय, तर एका थिएटरच्या उंच भिंतीवर चढायचं कुणी. ‘नेहमी म्याच का वर चढायचं, म्या काय तुजा गडी हाय?’ असं म्हणून तो मार्गासनीला आपल्या गावी निघून गेला. पाटी त्यानं रंगवली होती म्हणून जाताना ती काढून बगलेत मारली. नवी पाटी का करत नाही असं कुणी विचारलं तर नजीर म्हणायचा, वेळ कुठं मिळतो. त्याच्या घरात त्यानंतर गेनूचं नाव कुणी घेत नसे.

एरवी दोन दिवस उचकी लागली तर बिघडलं नसतं. पण वेल्ह्याकडच्या एका हायस्कूलचा रविवारी रौप्यमहोत्सव होता आणि शाळेचं नाव दर्शनी भिंतीवर दोन-दोन फुटी अक्षरांत लिहायचं काम नजीरनं घेतलं होतं. मुख्याध्यापक उपेंद्र सर शिस्तीचे. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की शनिवारी संध्याकाळपर्यंत नाव झालं नाही, तर पुण्याहून कंप्युटरवर कापलेली अक्षरं आणून चिकटवू. तशी अक्षरं खोऱ्यात अजून कुणी पाहिली नव्हती. एकदा पाहिली की लोक आपल्याला विचारणार नाहीत, हे नजीरला कळत होतं. ती एक भिंत गेली की मागोमाग सगळ्या जाणार होत्या.

घरात इलाज सुरू झाले. साखर झाली, नाक दाबून सात घोट पाणी झालं. कॉलेजात जाणारी फौजिया मागून येऊन एकदम ‘अब्बा, पोलीस आलेत’ म्हणाली. नजीर दचकला, आणि दचकलेल्या अवस्थेतही उचकला. मग त्याच्या बायकोनं, सुगरानं, शेवटचा आणि खात्रीचा इलाज काढला. उचकी लागते म्हणजे कुठंतरी कुणीतरी आठवण काढत असतं. त्याचं नाव घ्यायचं. बरोबर नाव लागलं की उचकी जागच्या जागी थांबते. हे भोरमध्ये शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक असतं आणि शाळेत शिकवणाऱ्यालाही पटतं.

सुगरानं अर्थातच माहेरापासून सुरुवात केली. शिवऱ्याला हायवेवर पंक्चरचं दुकान चालवणारा तिचा भाऊ शाकिर, मग मावश्या, मग मावश्यांच्या सुना. उचकी ढिम्म थांबेना. नावं दोनदा-दोनदा येऊ लागली तेव्हा फौजियानं दुकानातल्या एका कोऱ्या फळीवर खडूनं यादी केली आणि झालेल्या नावापुढं फुली मारायला लागली. इथंच घोटाळा झाला. फळी दुकानाच्या दारात होती. येणारेजाणारे थांबून वाचायला लागले. ज्याच्या नावापुढं फुली, तो नजीरची आठवण काढत नाही हे आता पांढऱ्यावर काळं, म्हणजे काळ्यावर पांढरं झालं होतं.

बुधवारी दुपारपर्यंत पाच-सहाजण रुसले. डेअरीवाला म्हणाला, म्हशीला तीन शिंगं करून ठेवलीस, सकाळपासून तुझ्याशिवाय दुसरं काही आठवलं नाही आणि तरी मला फुली? शाकिर तर एसटीनं आला आणि आपण रोज आठवण काढतो हे त्यानं समक्ष सांगितलं. त्याची फुली पुसावी लागली. शेवटी सुगरानं मोठ्या खुबीनं स्वतःचं नाव घ्यायला लावलं. नजीर ‘सुगरा’ म्हणाला आणि पाठोपाठ आजवरची सर्वांत मोठी उचकी आली.

फौजियानं खडू हातात तसाच धरला. 

“आगं, तू समोरच हायस,” नजीर म्हणाला. “आठवण लांबच्यानं काढायची असती.”

“लांब कदी जाऊ दिलं तुमी,” सुगरा म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. रात्री कालवण अळणी होतं.

गुरुवारी सकाळी नजीरनं दवाखाना गाठला. डॉक्टर शुभ्रा नुकत्याच भोरला आल्या होत्या. दवाखान्याची पाटी नजीरनंच केली होती, आणि नावात ‘र’ सुटा नाही याची त्याला अजून चुटपुट होती. तीन दिवस उचकी, झोप नाही, जेवण खाली जात नाही, हे ऐकून त्यांनी तपासलं आणि एका गोळीचं नाव लिहिलं. लिहिता लिहिता स्पष्ट सांगितलं, “ही गोळी मुळात मानसिक आजारावरची आहे. मेडिकलवाला काहीतरी बोलेल, म्हणून आधीच सांगते. थोड्या प्रमाणात ती उचकीवरही चालते. दोन-तीन दिवसच घ्यायची.”

“म्हंजे मला,” नजीर म्हणाला, उचकी घेतली आणि वाक्य पुरं केलं, “येड लागलंय का?”

“नाही. आणि ज्यांना या गोळ्या लागतात त्यांनाही आजारच असतो, काका. पोटाचा असतो तसा मेंदूचा. त्यात लपवण्यासारखं काही नसतं.” मग त्या म्हणाल्या, झोप येईल, उठताना हळू उठा, चक्कर येऊ शकते, आणि गोळ्या चालू असेपर्यंत शिडीवर चढू नका. नजीरनं सगळ्याला मान हलवली. शिडीचं वाक्य त्यानं घरी सांगायचं नाही असं ठरवलं.

मेडिकलवाला कुंडलिक खोकल्याचं औषध मागणाऱ्याला रस्त्यापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात ते कसं घ्यायचं सांगायचा. त्यानं नजीरची चिठ्ठी वाचली आणि आवाज एकदम खाली आणला. “घरात कुणाला?” त्यानं विचारलं. मलाच, असं नजीर म्हणाला. कुंडलिकनं मान हलवली. गोळ्या वर्तमानपत्रात बांधल्या, त्यावर दुसरं वर्तमानपत्र गुंडाळलं, दोरा बांधला, आणि लाडू दिल्यासारखा पुडा दोन्ही हातांनी पुढं केला. गावात एवढा मोठा पुडा घेऊन मेडिकलमधून निघालेला माणूस कुणाच्या नजरेतून सुटणार? दुपारपर्यंत बातमी स्टँडवर गेली, आणि स्टँडवर गेलेली बातमी तिकीट न काढता सगळीकडं जाते.

संध्याकाळी शाकिर पुन्हा आला. या खेपेस तो नजीरशी सावकाश आणि मोठ्यानं बोलत होता आणि नजीर म्हणेल ते कबूल करत होता. नजीरनं सहज म्हटलं की यंदा थंडी काही पडली नाही. शाकिरनं अंगातल्या स्वेटरचं बटण लावत ‘व्हय व्हय भावजी, कुठली थंडी’ असं सांगितलं. पाठोपाठ वेल्ह्याच्या गाडीच्या कंडक्टरनं उपेंद्र सरांची चिठ्ठी आणून दिली. प्रकृतीची काळजी घ्यावी, असं त्यात लिहिलं होतं, आणि आपण पुण्याला अक्षरांची चौकशी करून ठेवली आहे, असंही. नजीरनं ती दोनदा वाचली. तीस वर्षांत त्याला कुणी ‘काम राहू द्या’ म्हटलं नव्हतं. त्यानं पुडा सोडला, गोळी घेतली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

सुगरा उशाशी बसली. फौजिया फळी घेऊन बसली. नावं आता संपत आली होती. नजीरच्या डोळ्यांवर गुंगी चढली, जीभ जड झाली, आणि अर्धवट झोपेत तो स्वच्छ म्हणाला, “गेन्या, शिडी धर.”

आणि उचकी थांबली.

 शाकिरनं घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली, नजीर घोरायला लागला. फळीवर गेनूचं नाव नव्हतंच. सुगरानं ते फौजियाला लिहायला सांगितलं आणि पुढं फुली मारू दिली नाही.

शुक्रवारी सकाळी नजीर म्हणाला की हा गोळीचा गुण. सुगरा म्हणाली, गोळी काय, ती तर सहाला घेतली होती आणि उचकी नावावर थांबली. शिवाय ज्यानं आठवण काढली त्याला भेटून यायचं असतं, नाहीतर उचकी परत येते. असं असतं हे नजीरनं पूर्वी कधी ऐकलं नव्हतं, आणि बहुधा सुगरानंही ते त्याच सकाळी पहिल्यांदा ऐकलं असावं. पण शिडीवर उचकी परत आली तर, ही भीती होतीच. मार्गासनी वेल्ह्याच्या वाटेवरच लागतं. सुगरानं चहाबरोबर दुसरी गोळी दिली, ती त्यानं घेतल्याची खात्री केली, आणि ब्रशची पेटी त्याच्या हातात दिली.

नसरापूरला गाडी बदलली आणि नजीर जो झोपला तो झोपलाच. गोळीची बातमी ऐकलेला कंडक्टर दर थांब्यावर येऊन त्याला अलगद हलवून ‘चाचा, बरं हाय ना?’ विचारायचा. मार्गासनी आलं तेव्हा त्यानं नजीरला दंडाला धरून उतरवलं आणि गाडी वळेपर्यंत मागं बघत राहिला.

गेनूचं घर सापडायला वेळ लागला नाही. दारात त्याची बायको चंद्राबाई पाय लांब करून बसली होती आणि तिच्या अंगठ्याला भलंमोठं फडकं बांधलेलं होतं. तिनं नजीरकडं पाहिलं, ओळखलं, आणि ‘या’ म्हणायच्या ऐवजी ‘आलात व्हय’ म्हणाली. गेनू गोठ्यातून बाहेर आला. केस पांढरे झाले होते. दोघं बारा वर्षं काय बोलायचं हे ठरवत आले असतील, पण ऐनवेळी नजीरच्या तोंडून फक्त कामाचं तेवढं निघालं.

“तू माजी आठवण काढलीस का?”

“न्हाई,” गेनू म्हणाला. “बारा वर्सांत एकदाबी न्हाई.”

“काल सांच्याला?”

“काल तर मुळीच न्हाई.”

“ह्यांनी कशाला काढावी,” चंद्राबाई म्हणाली. “म्या काढली. मंगळवारपास्नं काढतीया.”

मग तिनं सगळं सांगितलं. मंगळवारी सकाळी पाण्याच्या पिंपावरचं लाकडी झाकण तिच्या अंगठ्यावर पडलं. तेव्हापासून दर ठणक्याला ती नजीरच्या नावानं बोटं मोडत होती. काल दिवेलागणीला हळद-तेल बांधलं, ठणका थांबला, आणि तिनं नजीरला सोडून दिलं. झाकण पडलं तर शिव्या मला का, असं नजीरनं विचारलं. चंद्राबाईनं हातातली काठी पिंपाकडं केली. नजीर जवळ गेला. पिंपावर झाकण म्हणून पाटी होती. रंग उडालेला होता, मधोमध तांब्याच्या काठाचा गोल वळ उठला होता, पण ‘नजीर-गेनू पेंटर’ अजून वाचता येत होतं. गेनूनं बारा वर्षं तिच्यावर तांब्या पालथा घातला होता, पण ती फोडून चुलीत घातली नव्हती.

नजीरला एकदम भरून आलं. ते गोळीनं आलं असं त्यानं पुढं सांगितलं, पण तसं काही त्या गोळीनं येत नाही. त्यानं चहा होईपर्यंत आपली सगळी हकिगत सांगितली. उचकी, फळी, कुंडलिकचा पुडा. पुरावा म्हणून खिशातून वर्तमानपत्रातल्या गोळ्याही काढून दाखवल्या.

गेनू त्या पुड्याकडं बघत राहिला. मग उठून आत गेला आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आला. डब्यात एक पुडा होता. तोही वर्तमानपत्रात बांधलेला, दोरा लावलेला. कागद पिवळा पडला होता आणि त्याच्यावरची तारीख शहाऐंशी सालची होती.

“त्या थेटराच्या भिंतीवर मला गरगराय लागलं हुतं,” गेनू म्हणाला. “शिडीवर पाय ठिवला की सगळं फिरायचं. डॉक्टरनं ह्या लिवून दिल्या. मेडिकलमदी एकजण म्हनला, ह्या येड्याच्या गोळ्यांतल्याच हायती. म्या तुला काय सांगू? पोरीचं लगीन व्हायचं हुतं माज्या.”

“आन् म्हून भांडलास?”

“भांडलं की कुणी कारण इचारत न्हाई.”

“मग गोळ्या घेऊन गुण आला का?”

गेनूनं दोरा सोडला. पाकीट जसंच्या तसं होतं. एकही गोळी फोडलेली नव्हती. घेतल्या तर आपण वेडे ठरू म्हणून घेतल्या नाहीत, आणि टाकल्या तर कुणाला सापडतील म्हणून टाकल्या नाहीत. बारा वर्षं त्या डब्यात होत्या आणि गेनू जमिनीवर. चंद्राबाईलाही हे आत्ताच कळत होतं. तिनं अंगठ्याचं दुखणं विसरून नवऱ्याकडं पाहिलं.

“डॉक्टरीण म्हनली, पोटाचा आजार असतो तसा त्योबी आजारच,” नजीर म्हणाला. “आन् तुला तर त्योबी नव्हता. चार दिवस घेतल्या असत्यास तर.”

पुढचं त्यानं बोलायचं टाळलं. गेनूला ते तसंही ऐकू आलं असणार.

दुपारी दोघं शाळेवर पोचले. गेनू फक्त दोरी धरायला आणि खडूच्या रेघा मारायला आला होता. उपेंद्र सर हात मागं बांधून उभे होते. नजीरनं शिडी लावली, दोन पायऱ्या चढला, आणि शाळा त्याच्या डोळ्यांसमोर हळूहळू डावीकडं निघाली. तो उतरला. पुन्हा चढला; शाळा पुन्हा निघाली. मग त्यानं शिडीला मिठी मारून डॉक्टरणीनं काय बजावलं होतं ते गेनूच्या कानात सांगितलं.

उपेंद्र सरांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले की पुण्याची गाडी चारला आहे, अजून निरोप देता येईल.

गेनूनं वर पाहिलं. भिंत थिएटरएवढी उंच नव्हती, पण बारा वर्षं बैलगाडीच्या वर न चढलेल्या माणसाला पुरेशी होती. त्यानं नजीरच्या हातातला ब्रश घेतला.

“गरगरलं तर?”

“म्या धरली हाय शिडी,” नजीर म्हणाला.

गेनू चढला. पहिल्या पायरीवर थांबला, तिसऱ्यावर थांबला, आणि वर पोचल्यावर बराच वेळ भिंतीला गाल लावून उभा राहिला. भिंत फिरली नाही. ती बहुधा कित्येक वर्षांपूर्वीच फिरायची थांबली होती. चढून बघितलं नव्हतं एवढंच. मग त्यानं ब्रश टेकवला. पहिलं अक्षर जरा थरथरलं, दुसरं कमी, तिसऱ्यापासून हात जुन्या वाटेला लागला.

आता अडचण नजीरची होती. शिडी धरल्या धरल्या त्याला गुंगी यायची. त्यानं डुलकी घ्यायला नको म्हणून गेनूनं वरून जुन्या पाट्या विचारायला सुरुवात केली. राजवाड्यापाशी सायकलवाल्याची पाटी कुठल्या रंगात केली होती? नजीर खालून सांगायचा, निळी, पिवळी किनार. आणि त्या छत्रीवाल्याची? आणि पुलाजवळच्या चहावाल्याची, ज्यात किटली आपण उलटी काढली होती? दोघं हसायला लागले की शिडी हलायची आणि उपेंद्र सर पुढं यायचे. शनिवारी दुपारपर्यंत भोरच्या बाजारपेठेची एक-एक पाटी अशी त्या भिंतीपाशी येऊन गेली. त्यातली निम्मी दुकानं तेव्हाच बंद झालेली होती.

शेवटचं अक्षर झाल्यावर गेनू लगेच उतरला नाही.

“वरनं तोरणा दिसतोय,” तो म्हणाला.

“त्यो तर तुज्या शेतातनंबी दिसतो.”

“तिथनं रोजच बगतो रं,” गेनू म्हणाला. “शिडीवरनं बगायचा राहिला हुता.”

उपेंद्र सर रस्त्यापलीकडं जाऊन नाव वाचून आले आणि म्हणाले की पहिलं अक्षर किंचित थरथरलंय, पण राहू द्या, हाताचं आहे हे कळतं. उरलेल्या रंगात नजीरनं एका टाकाऊ फळीचं झाकण केलं आणि मार्गासनीला चंद्राबाईला नेऊन दिलं. त्याच्यावर त्यानं सुबक अक्षरांत ‘पायावर पाडू नये’ असं लिहिलं होतं. बदल्यात जुनी पाटी भोरला परत आली. रविवारी गेनूनं शिडीवर चढून ती दुकानावर ठोकली, तांब्याच्या गोल वळासकट.

उचकी कशानं थांबली याचा निकाल त्या दोन घरांत पुढं कधीच लागला नाही. सुगरा म्हणायची नाव, चंद्राबाई म्हणायची अंगठा, आणि गोळीच्या बाजूनं बोलायला कुंडलिकसुद्धा उभा राहिला नाही.

सोमवारी नजीर दवाखान्यात गेला. डॉक्टर शुभ्रांनी उचकी थांबल्याचं ऐकून गोळ्या बंद करायला सांगितलं आणि केसपेपर पुढं ओढला.

“म्हणजे गोळीनं गुण आला.”

“लई गुन आला,” नजीर म्हणाला. “बारा वर्सांचं दुखणं गेलं.”

डॉक्टरांचा पेन थांबला. “बारा वर्षं? तुम्ही तर तीन दिवसांपासून म्हणाला होतात.”

“उचकी तीनच दिवसांची, डॉक्टर,” नजीर म्हणाला, आणि दाराबाहेर पिवळा पुडा उघडाच हातात घेऊन बसलेल्या गेनूला त्यानं आत हाक मारली.